मागच्या बाकावरच्या त्या माणसाबद्दल

बाळा, सलाम.

तुझा मेसेज वाचला. ऐरोलीला तुमच्या चर्चच्या मंडळीत तो तुर्भे मार्केटचा वसुलीवाला येऊन मागच्या बाकावर बसतोय आणि तरुण संघातली पोरं म्हणतायत हा काय बदलणार, नाटकं आहेत सगळी. पोरांचंही चूक नाही, त्यातल्या दोघांच्या घरी तो पैशासाठी येऊन गेलाय म्हणतोस.

पण बायबलमधल्या प्रेषितांची कृत्येचा ९ वा अध्याय पुन्हा एकदा नीट वाच. येशूचा शिष्य स्तेफन, त्याला दगडमार करणाऱ्यांचे कपडे ज्याच्या पायाशी ठेवले होते तो शौल, म्हणजे पुढचा पौल, त्याला दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर प्रभूने गाठलं हे आपण संडे स्कूलपासून ऐकतोय, पण पुढे काय झालं ते कोणी फारसं सांगत नाही. तिथल्या हनन्या नावाच्या शिष्याला प्रभू म्हणाला शौलाकडे जा, तर हनन्या घाबरला, म्हणाला ह्या माणसाने तुझ्या लोकांचं किती वाईट केलंय ते मी ऐकलंय. तरी गेला, डोक्यावर हात ठेवला आणि भाऊ म्हणून हाक मारली! नंतर यरुशलेमेत शिष्य त्याला जवळ करेनात तेव्हा बर्णबा नावाचा शिष्य त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे घेऊन गेला, आणि पुढे तार्सला जाऊन शोधून आणलं ते पण त्यानेच. मला बर्णबा फार मोठा वाटतो रे. प्रभूने माणूस बदलला, पण त्याला मंडळीत जागा माणसांनीच करून द्यायची होती.

आणि घाई करू नका. ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत लिहिणारा जॉन न्यूटन गुलामांच्या जहाजावरचा माणूस, १७४८ च्या वादळात त्याने देवाचा धावा केला, पण त्यानंतरही १७५४ पर्यंत तो गुलामांच्या जहाजांवर जातच होता, कॅप्टन म्हणून सुद्धा. त्या धंद्याविरुद्ध उघडपणे लिहिलं ते थेट १७८८ ला. आपल्या लक्ष्मीबाई टिळकांचंच बघ, कडक सोवळं पाळणारी बाई, नवऱ्याचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि त्यांचा १९०० चा, मधली वर्षं आतल्या आत काय काय चाललं असेल.

म्हणून त्याला लगेच माइक देऊन साक्ष द्यायला, म्हणजे मी कसा बदललो ते सगळ्यांसमोर सांगायला, उभं करू नका, आपल्याकडे ही फार वाईट सवय आहे. दानपेटीची चावी पण नको, ते त्याच्यासाठीच बरं.

इकडे कळव्यात असाच एक जण होता, व्याजाने पैसे द्यायचा. प्रभूकडे आल्यावर एका संध्याकाळी प्लास्टिकच्या पिशवीत लोकांची गहाण ठेवलेली रेशनकार्डं आणि सही केलेले कोरे चेक घेऊन निघाला, मी बरोबर होतो. एका ताईने सेफ्टी डोअर उघडलंच नाही, जाळीतून कार्ड ओढून घेतलं आणि आतून म्हणाली पुन्हा येऊ नको. तो बरं म्हणाला आणि पुढच्या घराकडे चालायला लागला. बायबलमधल्या जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं होतं ना, ते असं असतं, समोरचा माफ करेलच असं नाही आणि त्या ताईने करायलाच हवं होतं असं मी म्हणणार पण नाही.

त्या दोन पोरांनाही हेच सांग, त्याच्याशी गोड बोलायची जबरदस्ती नाही. तू मात्र ह्या रविवारी त्याच्या बाकावर जाऊन बस, त्याच्याकडे बायबल नसेल तर तुझं मधे धर. कोणाकोणाचं काय परत द्यायचंय हा विषय तो स्वतः काढेल तेव्हा मला फोन कर, ठाण्याहून ऐरोली काय लांब नाही, मी येतो, आपण तिघं मिळून यादी करू.

तुझा,
काका