पहिला व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून आभासी जगात नेणारा) घेतोयस ना, मग एवढं बघ

म्हापशात स्वस्तात मिळतोय म्हणून तो जुना विंडोज मिक्स्ड रिॲलिटीचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या व्हीआर प्रणालीवर चालणारा सेट उचलू नकोस. मायक्रोसॉफ्टने 2024च्या विंडोज 11 अपडेटमध्ये त्याचा सपोर्टच काढून टाकला. गूगलनेही 2019मध्ये डेड्रीम हे आपलं व्हीआर गुंडाळलं. म्हणून किमतीआधी बघायचं ते हे: कंपनी अजून अपडेट देते का?

तुला सुरुवातीला मेटा कंपनीचा क्वेस्ट 3एस हेडसेट पुरे. ॲपलचा व्हिजन प्रो 3,499 डॉलरला आला, सॅमसंगचा गॅलेक्सी एक्सआर 1,799 डॉलरला. स्पर्धा वाढतेय हे चांगलंच आहे, पण उद्याच्या मॉडेलची वाट बघत बसू नकोस. बाहेरून आणलेला नग असेल तर वॉरंटी इथे चालते का, ते बिलावर लिहून घे.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- लेन्स उन्हात ठेवणं. बाल्कनीतलं ऊन लेन्समधून एकवटतं आणि स्क्रीनवर कायमचा डाग पडतो. वापर झाला की लगेच झाकायचा.
- पावसाळ्यात नुसता कपाटात टाकणं. आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागते. घट्ट झाकणाचा डबा घे, आत सिलिका जेलच्या पुड्या.
- पहिल्याच दिवशी रोलर कोस्टरचा गेम लावणं. एका जागी उभं राहून खेळायचे गेम आधी, तेही दहाच मिनिटं. मळमळलं की काढ, रेटू नकोस.

आणि खेळायला उभा राहशील तिथे डोक्यावर पंखा नाही ना, ते बघ.