कपालेश्वर की कपाळेश्वर?

एका वाचकांचा प्रश्न आहे: "पंचवटीतल्या महादेवाचं नाव सगळीकडे 'कपालेश्वर' असं वाचतो, पण परवा एका लग्नपत्रिकेत कुलदैवताच्या ओळीत 'श्री कपाळेश्वर प्रसन्न' असं छापलेलं दिसलं. बरोबर कोणतं? महादेवाच्या कपाळावर तिसरा डोळा आहे म्हणून हे नाव पडलं, असं आमच्या आजी सांगतात. आणि तिथे नंदी नाही, त्याचा या नावाशी काही संबंध आहे का?"

आधी सरळ उत्तर देतो. लिहावं 'कपालेश्वर'. नावाचा कपाळाशी संबंध नाही, कवटीशी आहे. आणि नंदी नसण्याशी या नावाचा संबंध आहे, तोही अगदी जवळचा.

'कपाळेश्वर' लिहिणाऱ्याचं कुठे बिनसलं? ध्वनीच्या अंगानं पाहिलं तर काहीच बिनसलेलं नाही. संस्कृतात दोन स्वरांच्या मध्ये एकटा सापडलेला 'ल' मराठीत येताना बहुधा 'ळ' होतो. फल-फळ, कमल-कमळ, बल-बळ, मूल-मूळ, तसंच कपाल-कपाळ. जिथे मुळात जोडाक्षर होतं तिथे मात्र 'ल' टिकतो: 'कल्य'चा 'काल' झाला, 'गल्ल'चा 'गाल'. म्हणून काल घडलेली गोष्ट आणि गेलेला काळ यांत मराठी आजही फरक करते. पुढे 'ईश्वर' आला म्हणून 'ळ' चालत नाही असंही नाही. नांदेडजवळ विष्णुपुरीला काळेश्वर आहेच. तेव्हा पत्रिका लिहिणाऱ्याच्या कानाला मी दोष देणार नाही.

अडचण आहे ती अर्थाची. मराठीत 'कपाळ' म्हणजे भुवयांच्या वरचा, केसांच्या खालचा भाग. कुंकू लावायचं ते कपाळ, आठ्या पडतात ते कपाळ. पाचवीच्या रात्री सटवाई तिथेच लिहून जाते, म्हणून कपाळ म्हणजे नशीबही. कपाळकरंटा, फुटक्या कपाळाचा, 'माझं कपाळ!' ही सगळी त्या सटवाईच्या अक्षरांची बाळं. गुजराती आणि बंगालीतही हा शब्द कपाळ आणि नशीब याच वाटेनं गेला. संस्कृतात मात्र कपाळाला भाल किंवा ललाट म्हणतात, म्हणून गणपती भालचंद्र. संस्कृतातलं 'कपाल' वेगळं. कपाल म्हणजे कवटी, वाडगा, फुटक्या मडक्याचा तुकडा. यज्ञात पुरोडाश, म्हणजे देवाला अर्पण करायची पिठाची भाकरी, भाजायची ती मातीच्या अशा तुकड्यांवर, आणि अग्नीसाठी आठ तुकड्यांवर भाजलेला पुरोडाश तो 'अष्टाकपाल'. कवटी आणि मडक्याचा तुकडा यांना एकच शब्द असण्यात नवल नाही. 'खर्पर' या शब्दाचंही तेच झालं. संस्कृतात तो कवटी, भिक्षेचं पात्र आणि मडक्याचा तुकडा अशा सगळ्या अर्थांनी येतो. आपल्याकडे त्याचं 'खापर' झालं आणि आपण ते दुसऱ्याच्या डोक्यावर फोडत बसलो.

कवटीचा अर्थ मराठीनं अगदीच टाकला असंही नाही. 'कपाळमोक्ष' घ्या. जिन्यावरून पडून डोकं फुटलं की आपण सहज म्हणतो, कपाळमोक्ष झाला. पण हा शब्द मुळात स्मशानातला. चितेवर कवटी फुटते, तो कपाळमोक्ष. इथे फुटतं ते कपाळ म्हणजे कुंकवाची जागा नव्हे, आख्खी कवटी.

आता देवळाकडे येऊ. नाशिककर 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतात तेव्हा ते गोदावरीवर जाणार असतात. तिथे रामकुंडासमोर उंचावर, पायऱ्या चढून गेल्यावर कपालेश्वर लागतो. बाहेरगावचे भाविक वर आले की सवयीनं आधी नंदी शोधतात. कुणी त्याच्या पाठीला हात लावायला वाकू पाहतं, कुणाला शिंगांवर बोटं ठेवून मधून पिंडीचं दर्शन घ्यायचं असतं. नंदी सापडत नाही. मग शेजारचं कुणीतरी हमखास गोष्ट सांगायला लागतं.

ब्रह्मदेवाला पूर्वी पाच तोंडं होती. चार तोंडं वेद म्हणायची, पाचवं निंदा करायचं. शंकरानं संतापून ते उडवलं आणि ब्रह्महत्येचं पातक त्याला चिकटलं. ते फेडायला तो त्रिलोक हिंडला, पण सुटका होईना. हिंडत हिंडत तो सोमेश्वराला आला, म्हणजे इथूनच गंगेच्या वरच्या अंगाला. तिथे एका ब्राह्मणाच्या गोठ्यात गाय आणि तिचा गोऱ्हा बोलत होते. गोऱ्हा म्हणाला, "उद्या मालक मला वेसण घालणार. मी त्याला शिंगावर घेणार." गाय म्हणाली, "अरे, ब्रह्महत्या लागेल." गोऱ्हा म्हणाला, "लागू दे. ती कशी फिटते ते मला ठाऊक आहे." दुसऱ्या दिवशी वेसण घालायला आलेल्या ब्राह्मणाला त्यानं मारलं आणि त्याचं पांढरं अंग काळंठिक्कर पडलं. तो तडक निघाला आणि रामकुंडाशी, जिथे अरुणा गोदावरीला मिळते असं मानतात, तिथे त्यानं बुडी मारली. वर आला तो पुन्हा पांढरा. मागोमाग आलेल्या शंकरानंही तिथेच स्नान केलं आणि तोही मोकळा झाला. तो गोऱ्हा म्हणजे नंदी. ज्यानं वाट दाखवली तो गुरू, आणि गुरूला आपल्यापुढे वाहन म्हणून बसवायचं कसं? म्हणून या देवळात नंदी नाही. (नंदी नसलेलं हे एकमेव शिवमंदिर, असंही पुढे सांगतात. ते विधान मी करणार नाही. गोष्टीला त्याची गरजही नाही.)

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पातकातून सुटायची वाट देवाला माहीत नाही आणि गोठ्यातल्या जनावराला माहीत आहे. आणि देव ते उघड मान्य करून त्याला गुरुपद देतो.

पण या गोष्टीत कपाल कुठे आलं? नाशिकला बहुधा ऐकायला मिळते त्या गोष्टीत ते येतच नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे असं मला वाटतं. काशीला हीच कथा सांगतात तेव्हा ब्रह्मदेवाची कवटी भैरवाच्या हाताला चिकटते, काही केल्या सुटत नाही, आणि काशीत ज्या जागी गळून पडते ते कपालमोचन तीर्थ. बदरीनाथला पिंडदान करतात त्या जागेचं नावही ब्रह्मकपाल. नाशिकच्या गोष्टीत गोऱ्हा, गाय, वेसण, काळं पडलेलं अंग एवढं सगळं जिवंत आहे की कवटीला जागाच उरली नाही. पातक राहिलं, त्याची खूण गळाली. ती खूण टिकून राहिली ती फक्त देवाच्या नावात. गोष्टीत कवटी नाही आणि रोजच्या बोलण्यात कपाळ म्हणजे भाल, मग आजींसारख्या जाणत्या माणसानं तिसऱ्या डोळ्याकडे बोट दाखवावं हे अगदी स्वाभाविक आहे.

शंकराच्या हातात कवटी आहे ती भीती घालायला नव्हे. ब्रह्महत्या करणाऱ्यानं काय करावं हे याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितलं आहे: कवटी जवळ बाळगावी, आपलं कर्म लोकांना सांगत भिक्षा मागावी, थोडकं खावं, आणि हे 12 वर्षं करावं. म्हणजे ती कवटी प्रायश्चित्ताची. अमरकोशात शंकराच्या नावांत 'कपालभृत्' येतं, त्यामागे हेच चित्र आहे. शंकराचं हे व्रत आपल्या अंगावर घेणारे साधू ते कापालिक, आणि त्या व्रताचं नाव महाव्रत.

आणि हे साधू नाशिकच्या परिसराला अनोळखी नव्हते. इगतपुरी तालुक्यातल्या निरपण इथे चालुक्य नागवर्धनाच्या नावचा ताम्रपट सापडला आहे. हा नागवर्धन म्हणजे दुसऱ्या पुलकेशीचा पुतण्या, काळ सातव्या शतकाचा. कपालेश्वराच्या गुग्गुळपूजेसाठी, म्हणजे गुग्गुळाचा धूप जाळून करायच्या पूजेसाठी, आणि त्याच्या देवळात राहणाऱ्या महाव्रतींसाठी एक गाव दान दिल्याचं त्यात कोरलं आहे. महाव्रती म्हणजे कापालिक, असाच अर्थ अभ्यासक लावतात. तो कपालेश्वर म्हणजे पंचवटीतलाच, असं एवढ्यावरून म्हणता येणार नाही. पण या नावाचा महादेव, त्याची पूजा आणि कवटीचं व्रत घेतलेली माणसं या मुलखात एकत्र नांदत होती, हे त्यातून कळतं. नावातल्या 'कपाल'चा अर्थ लावायला याहून जवळचा पुरावा मला माहीत नाही.

म्हणून 'कपाळेश्वर'ला व्याकरणात चूक म्हणता आलं नाही तरी ते रूप टाळावं, असं माझं मत आहे. एका 'ळ'मुळे कवटी पुसली जाते, तिच्यासोबत प्रायश्चित्त जातं, आणि मग नंदी का नाही याचं उत्तर नावापासून तुटतं. बोलताना कुणाच्या तोंडून 'ळ' आला तर त्याला टोकू नये. छापताना मात्र 'ल'च हवा.

राहिली आजींची व्युत्पत्ती. ती वाया जायला नको, कारण तिचं खरं ठिकाण नाशिकहून सुमारे 30 किलोमीटरवर आहे. 'अंबक' म्हणजे डोळा. तीन डोळ्यांचा तो त्र्यंबक, आणि त्याला 'ईश्वर' जोडून त्र्यंबकेश्वर. तिथे कपाळावरच्या डोळ्याची गोष्ट तंतोतंत बसते. लोकांच्या तोंडी त्याचं 'त्रिंबक' झालं आणि घराघरांत त्रिंबकराव जन्मले. तिथल्या जोडाक्षराला मराठी जिभेनं मोकळं केलं, पण अर्थ जागचा हलला नाही, म्हणून 'त्रिंबक' मला कधी खटकत नाही.