शाळा युनेस्कोच्या नेटवर्कमध्ये गेली की मुलांना खरंच काही मिळतं का?

तुमच्या मुलीची सांगलीतली शाळा युनेस्कोच्या असोसिएटेड स्कूल्स नेटवर्कमध्ये जाणार आहे आणि शांतता, मूल्यं हे सगळं मुलांपर्यंत पोचतं की गेटवर नुसती पाटी लागते, असं तुम्ही विचारलंय. मी मिरजेत २९ वर्षं मराठी शिकवलं. आमची शाळा कुठल्याच नेटवर्कमध्ये नव्हती. तरीही या प्रश्नावर मला गप्प बसवत नाही.

सप्टेंबर २००९. गणेशोत्सवात कमानीवरच्या चित्रावरून मिरजेत दंगल झाली, संचारबंदी लागली. शाळा पुन्हा भरली तेव्हा मी सहावी ब च्या वर्गात शिरले आणि दारातच थांबले. मुलांना मी उंचीप्रमाणे बसवत असे. त्या दिवशी खिडकीच्या बाजूला सगळी मुसलमान मुलं, भिंतीकडे बाकीची, मधली रांग मोकळी. कुणीही सांगितलेलं नव्हतं. मधल्या सुट्टीत डबेसुद्धा दोन कोपऱ्यांत उघडले.

मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये बजावलं, ‘तो विषय वर्गात काढायचा नाही. पोर्शन मागे पडलाय.’

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनतात. वर्गाला सतारमेकर गल्लीत नेते, म्हटलं. चालत जाण्याजोगं अंतर. ‘काही झालं तर जबाबदार कोण?’ म्हणून परवानगी नाकारली. मग मी मुलाच्या हाती चिठ्ठी पाठवली आणि माझ्या तासाला त्याचे आजोबा आले, काखेत पंढरपूरकडून आलेला वाळका भोपळा घेऊन. अजून न कापलेला. हलवला की आत बिया वाजायच्या.

त्यांनी तो पहिल्या बाकावर दिला आणि म्हणाले, ‘कानाला लावून बघा, पुढे द्या.’ खिडकीकडची रांग संपली आणि भोपळा अडला, कारण मधे कुणीच नव्हतं. शेवटी भिंतीकडचा एकजण उठला, मधली रांग ओलांडून गेला आणि दोन्ही हातांनी भोपळा घेऊन आला. त्याचे वडील मंडळाचे कार्यकर्ते. त्यानंच विचारलं, ‘आजोबा, आतला गर कसा काढता?’ ‘भिजत घालायचा. मऊ झाला की खरवडायचा. घाई केली तर भोपळा जातो.’

चमत्कार झाला नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या रांगेत दोघं येऊन बसले, बाकीची मुलं दिवाळीच्या सुट्टीपर्यंत होती तिथेच होती. मला मात्र मेमो मिळाला, विनापरवानगी बाहेरची व्यक्ती वर्गात आणल्याबद्दल. आणि पुढच्या वर्षी २१ सप्टेंबरला, आंतरराष्ट्रीय शांतता दिनी, त्याच शाळेत थर्माकोलची कबुतरं टांगली, रांगोळी काढली, पेपरात फोटो आला. त्या वेळी मी बोलले नाही. आज बोलते: ते शांततेचं शिक्षण नव्हतं. आदल्या वर्षी आम्हाला सतारमेकर गल्लीपर्यंत दहा मिनिटं चालत जाऊ दिलं असतं तर ते झालं असतं.

आता तुमचं नेटवर्क. ते १९५३ पासून चालू आहे, जगभरात हजारो शाळा आहेत. युद्धं माणसाच्या मनात सुरू होतात, म्हणून शांततेची तटबंदीही तिथेच उभारायची, हे युनेस्कोच्या १९४५ च्या संविधानातच आहे. विचार मला शंभर टक्के पटतो. सदस्य शाळेनं वर्षाचा आराखडा करायचा, संयुक्त राष्ट्रांचे काही दिन साजरे करायचे, शेवटी अहवाल पाठवायचा. अहवाल आणि दिन यांतच वर्ष जाऊ शकतं, माझी भीती तीच आहे. पण चांगल्या शिक्षकाच्या हाती हीच गोष्ट ढालीसारखी येते. ‘हा नेटवर्कचा उपक्रम आहे’ असं म्हणता आलं असतं तर मेमो काढणाऱ्यानं दोनदा विचार केला असता. त्यामुळे शाळा जात असेल तर जाऊ द्या.

एक सांगायचं राहिलं. सदस्यत्व म्हणजे शाळेच्या दर्जाचं प्रमाणपत्र नव्हे आणि त्यातून शाळेला पैसेही मिळत नाहीत. त्या नावाखाली फी वाढली तर हिशोब मागा. आणि पालकसभेत वर्षाचा आराखडा हातात घेऊन वाचा. परदेशी शाळेशी व्हिडिओ कॉल असेलच. सांगली-मिरजेतल्या कुठल्या गल्लीत मुलं जाणार आहेत, तिथलं कोण वर्गात येणार आहे आणि त्यासाठी शिक्षकाला लेखी परवानगी आधीच दिली आहे का, हे विचारा. ‘बघू’ म्हणाले तर तिथेच उभं राहून पुन्हा विचारा.