खाता येतं, पण खाववत नाही

प्रिय चिनू,

'एडिबल' आणि 'ईटेबल' यांत फरक काय, आणि मराठीत त्यांना वेगळे शब्द आहेत का, असं काल रात्री विचारलंस. मी पेंगुळले होते, "एकच गं" म्हणून तुला कटवलं. एकच नाहीत.

'एडिबल' म्हणजे पोटात गेलं तर अपाय होणार नाही असं. चवीचा त्यात संबंधच नाही. खाण्यासाठी बनवलेला सोन्याचा वर्ख घे. त्याला चव नाही, तो पचतही नाही, जसा आत जातो तसा बाहेर पडतो; तरी तो एडिबल. उलट 'डेथ कॅप' नावाचं अळिंब जीवघेणं विषारी, पण ते खाऊन वाचलेल्यांनी चव छान होती असं सांगितलंय! जिभेचं आणि यकृताचं एकमत असतंच असं नाही.

'ईटेबल' म्हणताना खाणारा मधे येतो. करपलेलं किंवा खारट झालेलं अन्न एडिबल असतं, पण घशाखाली उतरत नाही. (बोलताना इंग्रज माणसंही करपलेल्याला 'इनएडिबल' म्हणून मोकळी होतात. तेव्हा वर्गात कुणाला दुरुस्त करायला जाऊ नकोस.)

मराठीत एडिबलला 'खाद्य' आहे, खाद्यतेलातलं. ईटेबलसाठी मात्र विशेषण शोधू नकोस, आपण ते काम क्रियापदाकडून करून घेतो. "हे खाता येतं, पण मला खाववत नाही." परवा तापात तू "मी खाववत नाही" म्हणालीस. तिथे 'मला' हवं. तू नकार देत नसतेस, तुझ्याकडून ते होत नसतं. चालवत नाही, बघवत नाही, तसंच हे. बहुतेक वेळा त्याच्यामागे 'नाही' येतं. पण आजारातून उठलेलं माणूस "आज जरा खाववलं" म्हणतं, तेव्हा घरातल्यांना किती हायसं वाटतं!

आणि एक गंमत. 'ईट' जुन्या इंग्रजीतला, 'एडिबल' लॅटिनमधून आलेला, पण दोघांचं मूळ एकच. संस्कृतातला 'अद्', म्हणजे खाणे, हाही त्याच कुळातला. 'अन्न' त्याच्यापासूनच झालं.

तुझी,
आई