टांझानियात पोरांना कॉम्प्युटरवर इंग्रजी शिकवणार असशील तर

अरे, आधी एक लक्षात घे, तिथल्या सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालतात आणि माध्यमिकला गेलं की सगळं एकदम इंग्रजीत, म्हणजे पोरांची घाई खरी आहे. पण म्हणून पहिल्याच दिवशी टेन्स घेऊन बसू नकोस, कान आधी तयार होऊ दे. स्वाहिलीत स्वर पाचच, जसं लिहितात तसंच वाचतात, आणि शब्द जवळजवळ नेहमी स्वरावर संपतो, त्यामुळे पोरं 'डेस्क'ला शेवटी हळूच एक 'इ' चिकटवतात आणि 'शिप' न् 'शीप' त्यांना सेमच ऐकू येतं. यावर उपाय म्हणजे दोन चित्रं, एक आवाज, बरोबर चित्रावर क्लिक, बस्स. असले खेळ तू स्वतः स्लाइड्समध्ये बनवू शकतोस, आवाज ऑडॅसिटी नावाच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड कर, जमलं तर तिथल्याच शिक्षकाचा.

नेटच्या भरवशावर अजिबात राहू नको. कोलिब्री नावाचं शिकण्याचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून ने, ऑफलाइन चालतं, मेनू स्वाहिलीत मिळतो. ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ या शिकण्याच्या अ‍ॅप्सच्या स्पर्धेत २०१९ मध्ये जिंकलेली किटकिट स्कूल आणि वनबिलियन या संस्थेची अ‍ॅप्स टांझानियातल्याच टांगा भागातल्या गावांमध्ये तपासली होती, तीही बघून ठेव, भर स्वाहिली वाचनावर असला तरी मांडणी शिकण्यासारखी आहे.

एका मशीनला दोन पोरं बसव, एकाच्या हातात माऊस, दुसऱ्यानं मोठ्यानं बोलायचं, मग अदलाबदल. नाहीतर धीट पोरगं माऊस सोडतच नाही! आणि एका मशीनला दोन हेडफोन लागतील असे स्प्लिटर इथूनच ने.