स्पॉन्सर केलेल्या पोराला पैसे हातात मिळतात का?

प्रश्न : मुलगी ऑस्ट्रेलियात असते, तिने वर्ल्ड व्हिजन या ख्रिस्ती मदतसंस्थेतर्फे कंबोडियातलं एक मूल स्पॉन्सर केलंय. फोटो येतो, पत्र येतं, पण पैसे खरंच पोचतात का? आणि धर्मांतराचं काय?
— एक वाचक, वसई

उत्तर : काका, रोख पैसे त्या पोराच्या हातात कुणी देत नाही आणि तेच बरंय, नाहीतर शेजारच्या घरातलं पोर बघतच बसायचं. सगळ्या स्पॉन्सर लोकांचे पैसे एकत्र करून त्या भागात पाणी, संडास, पोषण, शाळा असली कामं होतात. तिकडे सरकारी शाळा म्हणायला फुकट, पण बऱ्याच ठिकाणी मास्तर वरचे पैसे घेतात, वह्या-युनिफॉर्म वेगळंच, मग गरीबाचं पोर शेतावर नाहीतर वीटभट्टीवर. ही संस्था तिथे जुनी आहे बरं का, राजधानी नॉम पेन्हमधलं त्यांनी बांधलेलं मुलांचं हॉस्पिटल 1975 मध्ये ख्मेर रूज या क्रूर कम्युनिस्ट राजवटीच्या ताब्यात गेलं, ती राजवट पडल्यावर मग पेशंट आले.

धर्माचं म्हणाल तर देश जवळजवळ सगळा बौद्ध, आणि मदतीसाठी धर्म बदलायची अट नाही असं संस्था सांगते. सगळेच चर्चवाले तसे असतील असं मात्र मी म्हणणार नाही.

खरी गडबड अनाथाश्रमांत आहे. युनिसेफ सांगतं, तिथल्या दर 4 पैकी साधारण 3 मुलांचे आई किंवा बाबा जिवंत असतात, टुरिस्ट डोनेशन देतात म्हणून आश्रम वाढत गेले. त्यामुळे मूल घरीच राहून शिकतंय ना, एवढं मुलीला विचारायला सांगा.