वेगळा कप

प्रश्न: सलाम ताई. मी छत्रपती संभाजीनगरची. आमच्या चर्चच्या मंडळीत दोनेक वर्षांपासून आफ्रिकेतून शिकायला आलेली चार-पाच पोरं येतात. उपासना झाली की चहा असतो, ड्युटी महिला मंडळाची, म्हणजे माझीपण. आपल्या लोकांना कपबशी आणि ह्या पोरांना कागदी कप, हे कधी सुरू झालं आठवतबी नाही. मागच्या रविवारी त्यातल्या एकानं कपबशी उचलली तर एक काकू पटकन म्हणल्या, "अगं बाई, ते नको, त्याला हे दे." भाषा कळली नसंल, पण पोरगं हसलं, कागदी कप घेतला आणि बाहेर जाऊन उभं राहिलं. सेक्रेटरींना बोलले तर म्हणे जाऊ द्या, काही जुन्या लोकांना आवडत नाही, उगं मंडळीत फूट पडायची. आता मी गप बसू का बोलू?

उत्तर: तुमचं पत्र वाचलं आणि मला माझ्या आजीचा कप दिसला. आजी बाप्तिस्मा झालेली, तरी गावातल्या वाड्यावर कामाला गेली की तिचा कप बाहेरच्या दिवळीत पालथा घातलेला असायचा, कान तुटलेला. चहा प्यायचा, आपणच विसळायचा, परत पालथा घालायचा. किटली कपाला लागू नये म्हणून मालकीणबाई हात कसा उंच धरून चहा ओतायच्या त्याची आजी अशी नक्कल करायची की आम्ही पोरं हसून हसून लोळायचो, पण त्या वाड्यासमोरून जाताना तिनं मान कधी वर केली नाही. आपल्यातल्या कितीतरी घरांत असा एक कप आहे. आणि आता किटली आपल्या हातात आली तर आपण तेच करायलोत, मला तर लिहितानाबी लाज वाटायलीय.

त्यात तुमचं शहर! 1610 मध्ये ते खडकी नावानं वसवलं मलिक अंबरनं, तो हबशी, इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला. त्यानं आणलेल्या नहरीचं पाणी शहरानं पिढ्यान् पिढ्या प्यायलं, ते चाललं.

सेक्रेटरींच्या फुटीचं म्हणाल तर ती सबब लई जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्चनं 1829 मध्ये ठरवलं होतं की प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, सगळ्यांना सोबतच, रंग बघायचा नाही. मग काही गोऱ्यांना ते जड जायला लागलं, आणि 1857 च्या सिनडनं, म्हणजे चर्चच्या मोठ्या सभेनं, "काहींच्या दुबळेपणामुळे" वेगळी उपासना चालवून घेतली. दुबळे कोण, तर ज्यांना शेजारी काळा माणूस सहन होत नव्हता ते! तात्पुरती सवलत म्हणून दिलेली, पण 1881 ला गोरे नसलेल्यांचं वेगळं चर्चच झालं आणि पुढं वर्णभेदाचं सरकार आलं तेव्हा त्याला धर्माचा आधार तयारच होता. त्याच वेगळ्या काढलेल्या चर्चनं 1986 मध्ये बेल्हारचा विश्वास-कबुलीजबाब स्वीकारला, की अशी फाळणी शुभवर्तमानात बसत नाही. म्हणजे फूट बोलल्यानं पडली नव्हती, गप बसून सांभाळून घेतल्यानं पडली.

आणि बायबलातला पौल काय गप बसला का? अंत्युखिया शहरात पेत्र परराष्ट्रीयांसोबत, म्हणजे यहुदी नसलेल्यांसोबत, जेवायचा, यरुशलेमेकडची माणसं आली की पंगतीतून उठून बाजूला बसायला लागला, तर पौलानं सगळ्यांच्या देखत त्याला झापला, गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय बघा. भांडण जेवणावरूनच होतं, सिद्धान्तावरून नंतर. त्याच अंत्युखियाच्या मंडळीत शिक्षण देणाऱ्यांत एक शिमोन होता, त्याला निगेर म्हणायचे, लॅटिनमध्ये काळा.

तर बोला. पण आधी कागदी कप बंद करा, सगळ्यांना एकच कपबशी, ड्युटी तुमचीच आहे, परवानगी कुणाची लागत नाही. काकूंना एकटं गाठून बोला, चारचौघांत नको, त्यांच्याबी घरात एखादी दिवळी असंल. सेक्रेटरींचं मात्र कमिटीच्या बैठकीतच काढा, कारण निर्णय त्यांनी मंडळीच्या नावानं घेतलाय. आणि त्या पोराला साध्या इंग्लिशमध्ये, मोडकं का असंना, सांगा की त्या दिवशी आमचं चुकलं. मग त्याचं नाव नीट म्हणायला शिका. शास्त्रपाठ वाचायला त्याला देता का कधी? नाताळच्या फोटोत तर ह्या पोरांना हाताला धरून पुढं उभं करतात, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. खोली मिळत नसंल तर घरमालकाकडं सोबत जा, शहरात त्यांचे खरे हाल तिथं होतात.

प्रश्न: मुलीला स्थळ आलंय, मुलगा ख्रिस्तीच, पण मिस्टर म्हणतात त्यांची "मूळची", म्हणजे ख्रिस्ती व्हायच्या आधीची जात, वेगळी. काय करावं? (जालना)

उत्तर: जालन्यातून हा प्रश्न यावा! नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातले, 1843 ला बाप्तिस्मा घेतला आणि तुमच्याच गावाजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवून मांग कुटुंबांमध्ये आयुष्य काढलं. मिस्टरांना विचारा, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात "मूळची" असा रकाना कुठं आहे. मुलगा पितो का, कर्ज किती, आईशी कसा बोलतो, ही चौकशी करा की. आणि मुलीला विचारलं का? पत्रात तिचं एक वाक्य नाही.